अपृष्ठवंशी प्राणी : प्रयोगांतील वापर व नीतिविचार

कीटक, कोळी, गांडूळ, खेकडा, ऑक्टोपस अशा कणाहीन प्राण्यांवर संशोधन करताना किंवा त्यांना यंत्राचा भाग बनवताना त्यांच्या वेदनेची दखल किती घ्यावी, याचा विचार.

पूर्व विदर्भात हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरही आहे. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी भागात ऐन व अर्जुन या झाडांवर कोसा म्हणजे टसर रेशमाच्या अळ्या पाळतात. बीजनिर्मितीत, म्हणजे पुढच्या पिकासाठी अंडी तयार करताना, मादी पतंगाने अंडी घातल्यावर तिचे पोट क्षारद्रावणात खलतात आणि थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेब्रीन रोगाचे चकचकीत, लांबट बीजाणू दिसले की तिची सगळी अंडी नष्ट करतात. पद्धत मुळात लुई पाश्चर यांची, साधारण १८६५ ते १८७० या काळातली. तपासणी टाळली तर रोग अंड्यांतूनच पुढे जातो व अळ्या झाडावरच मरतात. त्यामुळे मादी खलणे म्हणजे निव्वळ क्रौर्य, असे म्हणता येत नाही.

कायद्याचा अर्थ लावताना मात्र अडचण येते. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम २ मध्ये मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी म्हणजे ‘प्राणी’. या शब्दांत झुरळही बसते. कलम १७ मध्ये शस्त्रक्रिया शक्यतो पुरेशी भूल देऊन करण्याची अपेक्षा आहे. तरीही संस्थांच्या नीतिसमित्यांपुढे बहुतेक उंदीर, ससे यांचेच प्रस्ताव येतात. युरोपीय संघाने प्रयोगांतील प्राण्यांविषयीच्या २०१० च्या निर्देशात जिवंत शीर्षपाद (ऑक्टोपससारख्या) प्राण्यांचा समावेश केला. ब्रिटनच्या २०२२ च्या संवेदनक्षमता कायद्यात शीर्षपादांबरोबर दशपाद कवचधारीही (खेकडा, कोळंबी) आले. कीटक दोन्हींकडे बाहेरच राहिले.

झुरळाला दूरनियंत्रित करताना ते बर्फात निश्चल करतात, शृंगिकेचे (मिशीचे) टोक कापून आतल्या पोकळीत बारीक तार घालतात, दुसरी तार वक्षात बसवतात आणि पाठीवर छोटे विद्युत्-मंडल चिकटवतात. डाव्या शृंगिकेला विद्युत्स्पंद दिला की ते उजवीकडे वळते. तार सरकली किंवा जखमेतला द्रव सुकला तर संकेत क्षीण होतो. तोच स्पंद वारंवार दिला तर प्राणी सरावतो व वळेनासा होतो. थंडीबाबत विशेष सावधगिरी हवी. थंडीने हालचाल थांबते, पण वेदनाही थांबते असे त्यावरून सिद्ध होत नाही. बर्फाला भूल म्हणणे म्हणूनच घाईचे आहे. मृत लांडगाकोळ्याच्या शिरोवक्षात (डोके व छाती यांच्या जुळलेल्या भागात) सुई घालून हवेच्या दाबाने पाय उघडण्याचा प्रयोग अमेरिकेतील राइस विद्यापीठात झाला (२०२२). तेथे प्रश्न उरतो तो कोळी मारण्याच्या पद्धतीचा.

कीटकांना वेदना होतात का, यावर दोन मते आहेत. संशोधक आइझेमान व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये नकाराकडे कल दाखवला : चिरडलेला पाय कीटक तसाच टेकवत चालतो. उलट २०२२ च्या एका प्रयोगात भुंगमाश्यांनी (मधमाश्यांच्या केसाळ, जाड भाऊबंदांनी) ५५° से. तापवलेले खाद्यपात्र टाळले, पण त्यात साखर अधिक असेल तर ते पत्करले. केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असती तर अशी तडजोड दिसली नसती. त्यामुळे दुसरे मत अधिक विचारार्ह वाटते.

ट्रायकोकार्डसाठी (किडींच्या अंड्यांत वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाच्या कार्डासाठी) तांदळावरील पतंगाची अंडी अतिनील प्रकाशात निर्जीव करतात. तेथे पतंगाची अळी तयारच होत नाही, म्हणून वेदनेचा प्रश्न येत नाही. महाविद्यालयांतील गांडूळ व झुरळ यांचे विच्छेदन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१४ च्या निर्देशांनंतर मागे पडले.