झेब्रा शिंपला

झेब्रा शिंपला (शास्त्रीय नाव : ड्राइसेना पॉलिमॉर्फा) हा गोड्या पाण्यात राहणारा, बोटाच्या पेराएवढा द्विपुट मृदुकाय प्राणी आहे. काळा समुद्र, अझॉव्ह समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांना मिळणाऱ्या नद्यांचे खालचे टप्पे हे त्याचे मूळ घर. पेटर झिमोन पालास या निसर्गवैज्ञानिकाने १७७१ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. शिंपेवर गडद आणि फिकट नागमोडी पट्टे असतात, म्हणून ‘झेब्रा’. पट्ट्यांची नक्षी मात्र दोन शिंपल्यांत सहसा सारखी नसते. काही अगदीच बिनपट्ट्यांचे असतात, म्हणून शास्त्रीय नावात ‘बहुरूपी’ अशा अर्थाचा शब्द आला. कोकणात आणि गोव्यात खाल्ले जाणारे शिणाणे आकाराने त्याच्याशी मिळतेजुळते असले, तरी त्यांचे कुळ वेगळे आणि पाणीही खारे.

हा प्राणी एवढा पसरला कसा, ते त्याच्या पिल्लांकडे पाहिल्यावर कळते. आपल्याकडच्या नद्यांतल्या लॅमेलिडेन्स वंशातील शिंपल्यांची पिल्ले काही काळ माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. योग्य मासा मिळाला नाही तर ती मरतात. झेब्रा शिंपल्याला असा यजमान लागत नाही. मादी अंडी थेट पाण्यात सोडते, वर्षाला दहा लाखांपर्यंत. त्यांतून निघणारे डिंभ, म्हणजे अगदी लहान पिल्ले, नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीण. काही आठवडे ते पाण्याबरोबर तरंगत जातात आणि मग दगड, लाकूड, लोखंड, काँक्रीट, दुसऱ्या शिंपल्याची पाठ, जे कठीण मिळेल त्यावर स्थिरावतात. पायाजवळच्या ग्रंथीतून निघणाऱ्या चिवट धाग्यांनी ते तिथे घट्ट बांधले जातात. हे धागे समुद्रातल्या शिणाण्यांना असतात. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या स्थानिक प्रौढ शिंपल्यांना ते नसतात, आणि हा प्राणी पुढे तिथे पोहोचल्यावर आलेल्या संकटाचे मूळ बरेचसे या एका फरकात आहे.

युरोपात त्याला वाट करून दिली ती कालव्यांनी. पूर्वेकडच्या नद्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पश्चिमेकडच्या नद्यांना जोडल्या गेल्या आणि लाकडाच्या ओंडक्यांवर, पडावांच्या तळांवर बसून तो पुढे सरकला. १८२४ मध्ये तो लंडनच्या गोद्यांत सापडला. आयर्लंडमध्ये मात्र तो १९९० च्या दशकात पोहोचला, तोही बहुधा बाहेरून आणलेल्या जुन्या बोटींच्या तळांना चिकटून.

अटलांटिक ओलांडायला त्याला जहाजाच्या पोटाची मदत झाली. माल उतरवून रिकामे झालेले जहाज तोल राहावा म्हणून टाक्यांत पाणी भरून घेते आणि पुढच्या बंदरात माल चढवताना ते सोडून देते. हे बॅलास्टचे पाणी. युरोपातल्या गोड्या पाण्याच्या बंदरात भरलेले पाणी सेंट लॉरेन्सच्या जलमार्गाने थेट पंचमहासरोवरांत, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या पाच मोठ्या सरोवरांत, ओतले जात होते. जून १९८८ मध्ये कॅनडा व अमेरिका यांच्या सीमेवरील सेंट क्लेअर सरोवराच्या तळातून काढलेल्या नमुन्यांत हा शिंपला ओळखला गेला. १९९० पर्यंत तो पाचही महासरोवरांत होता, १९९१ मध्ये हडसन आणि इलिनॉय नद्यांत, आणि त्यानंतर लवकरच मिसिसिपीच्या खालच्या टप्प्यात. तीन-चार वर्षांत अर्धे खंड!

पहिला फटका बसला तो पाणी खेचणाऱ्या नळांना. डिंभ जाळ्यांतून सहज आत जातात, आणि नळात मंद वाहते पाणी असले की अन्न व प्राणवायू आयतेच दारात येतात. एकावर एक थर चढत नळ बुजतो. मिशिगन राज्यातल्या मन्रो इथल्या वीजकेंद्राच्या पाण्याच्या कालव्यात १९८९ मध्ये एका चौरस मीटरला सुमारे ७ लाख शिंपले नोंदले गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मन्रो गावाचा पाणीपुरवठा काही दिवस ठप्प झाला.

नळ साफ करता येतात. सरोवरातल्या बदलाची भरपाई तशी होत नाही. एक शिंपला दिवसाला साधारण १ लिटर पाणी गाळतो आणि त्यातले वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, खातो. हडसन नदीत तो आल्यावर वनस्पती-प्लवक ८० ते ९० टक्क्यांनी घटले. पाणी नितळ झाले, तळ दिसू लागला, आणि ‘प्रदूषण कमी झाले’ असे अनेकांना वाटले. ही समजूत खोडून काढणे फार गरजेचे आहे. ते प्लवक म्हणजे सूक्ष्म प्राण्यांचे, त्यांच्यामार्फत माशांच्या पिल्लांचे अन्न होते. ते आता तळाशी शिंपल्यांत अडकून पडले. ऊन खोलवर पोहोचू लागल्याने तळावर शेवाळ माजले. शिवाय हा शिंपला चोखंदळ आहे. मायक्रोसिस्टिस या विषारी नील-हरित शैवालाचे पुंजके तो बऱ्याचदा बाहेर टाकतो आणि त्या शैवालाचे प्रतिस्पर्धी मात्र खातो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये एरी सरोवरातल्या अशाच शैवालाच्या विषामुळे सरोवराकाठच्या टोलीडो शहराच्या परिसरातल्या जवळपास ५ लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. त्यामागे मुख्यतः शेतांतून वाहून येणारे फॉस्फरस होते, पण शैवालाला मोकळे रान मिळण्यात शिंपल्याचाही हात मानला जातो.

सर्वांत मोठा घाव स्थानिक शिंपल्यांवर बसला. त्यांच्या पाठीवर झेब्रा शिंपल्यांचे इतके थर चढले की शिंपा उघडणे, चालणे, खाणे सगळेच अवघड झाले. सेंट क्लेअर सरोवराच्या उघड्या भागातून ते काही वर्षांतच जवळजवळ नाहीसे झाले.

त्याचा भाऊबंद क्वागा शिंपला (ड्राइसेना रोस्ट्रिफॉर्मिस बुगेन्सिस) युक्रेनमधल्या नीपर-बुग खाडीच्या भागातला. तो १९८९ मध्ये याच पंचमहासरोवरांत सापडला. थंड, खोल पाण्यात आणि मऊ गाळावरही त्याचे भागते. त्यामुळे मिशिगन सरोवरात आज झेब्रापेक्षा त्याचेच राज्य आहे. २००७ च्या जानेवारीत तो कोलोरॅडो नदीवरच्या मीड सरोवरात आढळला, बहुधा ट्रेलरवरून नेलेल्या एखाद्या बोटीबरोबर. २०२१ मध्ये तर झेब्रा शिंपले अमेरिकेतल्या दुकानांत मत्स्यटाकीसाठी विकल्या जाणाऱ्या शेवाळाच्या गोळ्यांत निघाले.

एकदा मोठ्या सरोवरात शिरल्यावर त्याला तिथून काढणे आजवर जमलेले नाही. बंद नळांत क्लोरीन चालते. व्हर्जिनियातल्या मिलब्रुक इथल्या पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत २००६ मध्ये पोटॅशियम क्लोराइड सोडून तो समूळ नष्ट करता आला, कारण ते पाणी बाहेर कुठे जात नव्हते. जहाजांनी भर समुद्रात टाक्यांतले पाणी बदलावे, म्हणजे खाऱ्या पाण्याने गोड्या पाण्यातले जीव मरतील, हा नियम पंचमहासरोवरांसाठी १९९३ पासून लागू झाला. बॅलास्टच्या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये संमत झाला, पण अंमलात यायला २०१७ उजाडले. मधली तेरा वर्षे वाया गेली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

भारताच्या किनाऱ्यावर याच ड्राइसेनिडी कुळातला मायटिलॉप्सिस सालेई हा शिंपला १९६० च्या दशकात विशाखापट्टणमला आणि त्यानंतर मुंबईच्या नौदल गोदीत आढळला. मूळचा मध्य अमेरिकेकडचा हा जीव मचूळ आणि खाऱ्या पाण्यातही तगतो. १९९९ च्या मार्चमध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या बोटतळांवर सापडला. सहाच महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो तिथे नव्हता. डार्विनच्या या तळांना दरवाजे होते. ते लगेच बंद केले गेले, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडले गेले, तिथून बाहेर पडलेल्या बोटी शोधून तपासल्या गेल्या, आणि काही आठवड्यांत तिथे एकही जिवंत शिंपला उरला नाही. मुंबईत मात्र तो रुजला.