गाडी ३ तारखेची की ४ तारखेची? संगणकातली तारीख मराठीत येते तेव्हा

२०२५ च्या एप्रिलात रावेरजवळच्या आमच्या नानांच्या मोबाइलवर एका अ‍ॅपचा निरोप आला: केळीची गाडी ३ एप्रिलला. नानांनी पहाटेच मजूर लावून घड कापले. गाडी आली ४ तारखेला, आणि तोवर माल उन्हाच्या झळांत पडून राहिला. त्या निरोपामागची मूळ नोंद मी नंतर पाहिली. आधी २०२५-०४-०३, मग टी हे अक्षर, मग १८:३०:०० आणि शेवटी झेड. झेड म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे ही ४ तारखेची मध्यरात्र झाली. नोंद बिनचूक होती. तिचं वाक्य करताना साडेपाच तास मिळवायचे राहिले, आणि नानांचा दिवस बुडाला.

तारखेचा अर्थ लावण्याचं हे काम खानदेशाला नवं नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात आहे. त्यातला काळ असा: शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. शकात ७८ मिळवले की १२०६ येतं. पण प्रभव संवत्सर बसतं ते १२०७ मध्ये. संवत्सर, पौर्णिमा आणि ग्रहण जुळवून अभ्यासकांनी ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख धरली. नुसत्या बेरजेवर भागवलं असतं तर वर्षभराची चूक झाली असती.

संगणकात हा प्रश्न युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीबरोबर आला. वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्या संख्येचं वाक्य करणारं सीटाइम हे फंक्शन वार आणि महिन्याची तीन-तीन इंग्रजी अक्षरं ठरल्या जागी छापायचं. दुसऱ्या भाषेला त्यात जागाच नव्हती. १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ या मानकाने वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठरवला आणि ०४/०३ म्हणजे ४ मार्च की ३ एप्रिल हा घोळ निदान यंत्रांपुरता मिटवला. १९८९ च्या सी या प्रोग्रामिंग भाषेच्या मानकात एसटीआरएफटाइम हे फंक्शन आलं. आता साचा आपण द्यायचा आणि महिन्यांची नावं त्या-त्या भाषेतून यायची.

पण नावं मराठी झाली म्हणून वाक्य मराठी होत नाही. इंग्रजीत आकडा, एकक आणि मागचा शब्द एकापुढे एक ठेवले की काम होतं. मराठीत शब्द आतून बदलतो: १ दिवसापूर्वी, २ दिवसांपूर्वी, ३ महिन्यांपूर्वी. तुकडे चिकटवणारा प्रोग्राम ‘५ मिनिट पूर्वी’ असं लिहितो, आणि ते वाचताना कानाला लगेच खटकतं. म्हणून २००४ पासून युनिकोड या लिपी-मानक संस्थेकडे असलेल्या सीएलडीआर या भाषावार माहितीच्या कोशात एकवचन-अनेकवचनासह अख्खे वाक्यांशच साठवतात. मराठीसाठी देवनागरी अंकही त्यातूनच येतात. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टसाठी तारीख भाषेप्रमाणे मांडायचं मानक २०१२ मध्ये आलं. एवढी सोय हाताशी असताना घरी तुकडे जोडत बसणं मला अजिबात पटत नाही. ‘परवा’ तर त्याहून अवघड. गेलेला दिवसही परवा आणि येणाराही परवा, त्यामुळे पुढचं क्रियापद ठाऊक असल्याशिवाय तो शब्द वापरताच येत नाही.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया? आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजी ते आखाजी चालतं. २०२४ ची आखाजी १० मेला होती, २०२५ ची ३० एप्रिलला. प्रोग्रामने एक वर्ष पुढची तारीख काढली तर १० मे येणार, म्हणजे सालदाराला दहा दिवस फुकट राबावं लागणार. २२ मार्च १९५७ पासून लागू असलेलं भारतीय राष्ट्रीय पंचांग बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ते सौर असल्याने त्यातून तिथी निघत नाही. त्यासाठी चंद्र-सूर्याचं गणितच मांडावं लागतं. नानांच्या वहीत मात्र सालदाराच्या नावापुढे आकडा नसतो. ‘आखाजीपावेतो’ एवढंच लिहिलेलं असतं.