झाडांना रोगप्रतिकारशक्ती नसते का?

‘झाडांना रोगप्रतिकारशक्ती नसते, त्यामुळे बुरशी लागली की औषध फवारल्याशिवाय झाड वाचत नाही,’ असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. झाडात रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, तेव्हा हा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो बरोबर नाही.

बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, जे वनस्पतीत नसते. त्याचे सूक्ष्म तुकडे वनस्पतीपेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनांना चिकटले की काही मिनिटांतच कॅल्शियमचे आयन पेशीत शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि बुरशी जिथून घुसू पाहते नेमक्या तिथेच कॅलोज नावाच्या बहुशर्करेचा थर साचू लागतो. पुढे बुरशीरोधक रसायने आणि कायटिन तोडणारी विकरे तयार होतात. कधी बाधित पेशी स्वतःच मरतात आणि जिवंत पेशींवर जगणाऱ्या बुरशीची उपासमार होते, तर सॅलिसिलिक आम्लाच्या साहाय्याने दूरची पानेही सावध होतात.

पडताळा घ्यायचा तर पानावरच्या ठिपक्याची कड पेनाने आखून आठवडाभर पाहावे. कित्येक ठिपके फवारणीविना तिथेच थांबतात. अर्थात थांबण्यामागे कोरडी हवाही असू शकते. निःसंदिग्ध पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली मिळतो: ॲनिलीन ब्लू हा रंग लावलेले कॅलोज अतिनील प्रकाशात चमकते. काही बुरशा हे संरक्षण भेदतात, आणि फवारणीची खरी गरज अशा बुरशांसाठी पडते.