सैल स्टिअरिंग आणि एअरबॅग : गाडी दुरुस्तीला देण्यापूर्वी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

स्टिअरिंग व्हील हातात सैल लागते, खडखडते किंवा वळवताना थोडे रिकामे फिरते, अशा तक्रारी आमच्याकडे वारंवार येतात. त्या घेऊन येणाऱ्या बहुतेक ग्राहकांना हे काम एक नट आवळण्याइतके सोपे वाटते. तो नट बहुतेक गाड्यांमध्ये चालकाच्या एअरबॅगच्या मागे असतो आणि एअरबॅग उतरवल्याशिवाय तिथे पाना पोहोचत नाही. म्हणूनच या कामाला वेळ लागतो आणि म्हणूनच ते घरी करू नये, अशी आमची विनंती आहे. आम्ही काय करतो आणि का करतो, हे आपल्याला माहीत असावे यासाठी हे पत्रक तयार केले आहे.

आधी सैलपणा शोधणे

स्टिअरिंग सैल आहे म्हणजे वरचाच नट सैल आहे, असे गृहीत धरून एअरबॅगला हात लावणे आम्हाला मान्य नाही. दोष खाली, कॉलममध्ये (व्हीलला खालून आधार देणाऱ्या नळकांड्यात) किंवा चाकांजवळ असेल, तर एअरबॅग विनाकारण उघडली जाते आणि मूळ दोष तसाच राहतो. त्यामुळे पहिली तपासणी काहीही न खोलता होते. गाडी उभी असताना स्टिअरिंग व्हील दोन्ही बाजूंनी धरून, ते न फिरवता, पुढे-मागे आणि वर-खाली हलवून पाहिले जाते. कॉलमचे कव्हर स्थिर राहून फक्त व्हीलच डुगडुगत असेल, तर संशय नटावर किंवा शाफ्टच्या (व्हील ज्या दांड्यावर बसते त्याच्या) दात्यांवर जातो. व्हीलबरोबर अख्खा कॉलम हलत असेल, तर कॉलमचे बोल्ट किंवा उंची बदलण्याच्या यंत्रणेचे लॉक तपासावे लागते. उंची बदलण्याचा खटका अर्धवट राहिल्यामुळेही कॉलम हलतो. त्यामुळे आमच्याकडे येण्यापूर्वी तो नीट बसला आहे का, एवढे आपण स्वतः जरूर पाहावे.

वर-खाली काहीच हलत नाही, पण फिरवताना व्हील थोडे रिकामे जाते, असा तिसरा प्रकार आहे आणि तो सर्वांत फसवा आहे. असा थोडा प्ले, म्हणजे रिकामे फिरणे, प्रत्येक गाडीत असतो. अनेक गाड्यांच्या सेवापुस्तिकेत व्हीलच्या कडेवर मोजलेला ३० मिलिमीटरपर्यंतचा प्ले चालतो, तर काहींमध्ये ही मर्यादा त्याहून कमी असते. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत ही मोजणी इंजिन चालू ठेवून आणि पुढची चाके सरळ ठेवून करायची असते. मर्यादेपेक्षा जास्त प्ले आढळला, तर आमचा एक कारागीर व्हील हलके डावी-उजवीकडे हलवतो आणि दुसरा खालून कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट (वळता सांधा), रॅक (चाके वळवण्यासाठी आडवा सरकणारा दांडा) आणि टाय रॉड एंड (चाकाजवळचा सांधा) यांपैकी हालचाल नेमकी कुठे हरवते, हे पाहतो. झीज इथे असेल, तर एअरबॅग उतरवण्याची बहुतेक वेळा गरजच पडत नाही.

व्हील शाफ्टवर हलत असेल किंवा युनिव्हर्सल जॉइंटचा बोल्ट सैल असेल, तर ती गाडी कृपया चालवत आणू नका. अंतर कितीही कमी असले, तरी ती टो करूनच आणावी.

एअरबॅगला आम्ही इतके का जपतो

स्टिअरिंगच्या मध्यभागी असलेल्या कव्हरखाली घडी घातलेली कापडी पिशवी आणि तिच्या मागे वायू निर्माण करणारा इन्फ्लेटर असतो. इन्फ्लेटरमध्ये वेगाने जळणारे रसायन असते आणि ते पेटवण्यासाठी विजेवर चालणारा एक छोटा इग्नायटर असतो. अपघाताचा धक्का ओळखून नियंत्रण युनिटने विद्युतप्रवाह सोडला, की सुमारे ३० मिलिसेकंदांत पिशवी पूर्ण फुगते. पापणी लवायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. सीटबेल्ट लावून योग्य अंतरावर बसलेल्या माणसाला हाच वेग वाचवतो, पण स्टिअरिंगवर ओणवे होऊन काम करणाऱ्याच्या चेहऱ्याला, मानेला किंवा हाताला तो गंभीर इजा करू शकतो.

बॅटरीची वायर काढली म्हणजे एअरबॅग निर्धोक झाली, हा समज सर्वाधिक धोकादायक आहे. अपघातात बॅटरीचा संबंध तुटला तरी एअरबॅग उघडावी, यासाठी नियंत्रण युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये वीज साठवून ठेवलेली असते आणि बॅटरी काढल्यानंतरही ती काही काळ टिकते. ती उतरेपर्यंत थांबण्याचा काळ प्रत्येक उत्पादक वेगळा देतो. काहींच्या पुस्तिकेत तो ९० सेकंद असतो, काहींत ३ मिनिटे, तर काहींत १० मिनिटे किंवा त्याहून अधिक. त्या मॉडेलची सेवापुस्तिका समोर असल्याशिवाय आम्ही हे काम सुरू करत नाही.

उतरवण्याची पद्धत

पुढची चाके सरळ करून इग्निशन बंद केले जाते, किल्ली काढली जाते, बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवून ते परत टेकणार नाही असे बांधले जाते आणि पुस्तिकेत दिलेला वेळ मोजून थांबले जाते. हायब्रिड आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये १२ व्होल्टची बॅटरी वेगळ्या जागी असू शकते, शिवाय उच्च विद्युतदाबाच्या यंत्रणेचे नियम तिथे स्वतंत्रपणे पाळावे लागतात. त्यानंतर कारागीर आपल्या अंगावरची स्थिर वीज गाडीच्या धातूच्या भागाला हात लावून उतरवतो. काही गाड्यांत एअरबॅग व्हीलच्या मागून आलेल्या स्क्रूंवर बसवलेली असते, तर काहींत मागच्या छिद्रांमधून दाबून सोडवायच्या स्प्रिंग क्लिपांवर. जोर लावून उचकटण्याची वेळ आली, तर पद्धत चुकते आहे असे समजून आम्ही थांबतो.

एअरबॅगचे कनेक्टर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. त्यांच्यात एक छोटी लॉकची पट्टी असते आणि ती आधी उचलावी लागते. अनेक कनेक्टरांमध्ये वेगळे होताच इग्नायटरची दोन टोके आपोआप एकमेकांना जोडणारी धातूची पट्टी असते, त्यामुळे भटक्या विजेने एअरबॅग उघडण्याचा धोका कमी होतो. ही पट्टी वाकवणे किंवा इग्नायटरचा रोध साध्या मल्टिमीटरने मोजणे या दोन्ही गोष्टींना आमच्याकडे सक्त मनाई आहे, कारण मीटरच्या तपासणीचा छोटा प्रवाहही इग्नायटर पेटवू शकतो. उतरवलेली एअरबॅग कव्हरची बाजू शरीरापासून दूर ठेवून नेली जाते आणि कव्हर वरच्या दिशेला राहील अशी सपाट, कोरड्या, थंड जागी एकटीच ठेवली जाते. ती उलटी ठेवली आणि चुकून उघडली, तर तिचे संपूर्ण धूड हवेत उडते.

व्हील काढणे आणि पुन्हा बसवणे

व्हील आणि शाफ्ट यांच्यावर एकमेकांसमोर खूण केल्यानंतरच नट सोडवला जातो. नट पूर्ण काढत नाहीत. तो दोन-तीन आट्यांवर ठेवतात, म्हणजे अडकलेले व्हील एकदम सुटून तोंडावर आदळत नाही. व्हील निघत नसेल, तर पुलर (ओढून काढण्याचे हत्यार) वापरावा लागतो. शाफ्टवर हातोडी मारणे साफ चूक आहे, कारण अपघातात दबून चालकाला वाचवण्यासाठी बनवलेला कॉलम आणि त्याचे बेअरिंग त्या ठोक्यांनी बिघडतात.

व्हीलच्या मागे असलेल्या क्लॉक स्प्रिंगकडे ग्राहकांचे आणि दुर्दैवाने काही कारागिरांचेही दुर्लक्ष होते. गुंडाळलेल्या चपट्या केबलचा हा भाग व्हील फिरत असतानाही एअरबॅग, हॉर्न आणि व्हीलवरची बटणे यांचा संपर्क टिकवतो. व्हील काढल्यावर तो हाताने फिरला आणि मध्य न साधता परत बसवला, तर पहिल्या पूर्ण वळणातच केबल ताणून तुटू शकते. खालचा युनिव्हर्सल जॉइंट सोडवताना व्हील मोकळे फिरले, तरी हेच होते. म्हणून अशा कामात आम्ही स्टिअरिंग व्हील सीटबेल्टने बांधून ठेवतो.

नट केवळ सैल झाला असेल, तर दाते तपासून, पुस्तिकेत सांगितले असल्यास नवा नट घेऊन, तो टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) दिलेल्या मापाइतकाच आवळला जातो. दाते झिजले असतील, तर कितीही आवळले तरी सैलपणा काही दिवसांत परत येतो. अशा वेळी व्हील, शाफ्ट किंवा दोन्ही बदलण्याचाच सल्ला आम्ही देतो. वेल्डिंग करून किंवा मध्ये पत्रा घालून भागवण्याची मागणी आम्ही स्वीकारत नाही.

बॅटरी जोडून इग्निशन पहिल्यांदा चालू करताना गाडीत कोणीही बसलेले नसते, किल्ली बाहेरून हात घालून फिरवली जाते. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर काम अपुरे आहे. एअरबॅगच्या जागी रोधक (रेझिस्टर, म्हणजे विद्युतप्रवाहाला अडवणारा छोटा भाग) जोडून दिवा विझवण्याची युक्ती काही ठिकाणी वापरली जाते. त्यामुळे गाडी आपण सुरक्षित असल्याचे खोटेच सांगते आणि अपघातात एअरबॅग उघडतच नाही. आमच्याकडे हे काम केले जात नाही. वापरलेली किंवा मूळ ठाऊक नसलेली एअरबॅगही आम्ही बसवत नाही. न उघडलेली जुनी एअरबॅग कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नका, ती अधिकृत विल्हेवाटीसाठीच द्यावी.

गाडी देताना आणि नेताना

अपघात, पूर्वीची दुरुस्ती किंवा एअरबॅगचा दिवा आधीपासून लागत असणे, यांपैकी काही असेल तर गाडी देतानाच सांगावे. बॅटरी काढल्यामुळे घड्याळ, खिडक्यांची एका स्पर्शात बंद होण्याची सोय आणि काही ऑडिओंचा सुरक्षा कोड नव्याने भरावा लागतो, म्हणून तो कोड सोबत आणावा. अनेक गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर स्कॅनरने पुन्हा शून्यावर आणावा लागतो. ते झाल्यावर आम्ही चाचणीसाठी गाडी रस्त्यावर नेतो. सरळ रस्त्यावर व्हील सरळ राहते का, वळणानंतर ते आपोआप मागे येते का, हॉर्न आणि बटणे चालतात का, हे गाडी नेताना आपणही आमच्यासमोर पाहून घ्यावे.

एअरबॅगच्या कव्हरवर स्टिकर, शोभेचे बिल्ले किंवा मधला भाग झाकणारे कव्हर लावू नये, ते ओलसर फडक्यानेच पुसावे आणि बसताना छाती व्हीलच्या मध्यापासून किमान २५ सेंटिमीटर दूर राहील अशी सीट लावावी. दुरुस्तीनंतर दिवा पुन्हा लागला, व्हील वाकडे वाटू लागले किंवा वळवताना व्हीलच्या मागून खरखर आली, तर स्वतः उघडून न पाहता गाडी तशीच परत आणावी आणि दिवा पहिल्यांदा केव्हा लागला, हे आम्हाला सांगावे.