ट्रायलमध्ये अर्ध्या बायकांना खोटी गोळी? नाही हो!

परवा कोथरूडला आमच्या भिशीत परत तोच विषय, की नवीन गर्भनिरोधक गोळीची ट्रायल असली की अर्ध्या बायकांना खरी गोळी देतात आणि अर्ध्यांना नुसती खोटी, मग बिचाऱ्यांना दिवस जातात. कॉलेजात असल्यापासून ऐकतेय हे.

तर असं करत नाहीत. मूल नको म्हणून आलेल्या बाईला फसवी गोळी देणं म्हणजे सरळ विश्वासघात, म्हणून गोळीने गर्भ राहायचा थांबतो का हे बघणाऱ्या मोठ्या ट्रायलमध्ये साधारणपणे सगळ्यांना खरंच औषध मिळतं, तेही सांगून. मग कळतं कसं? जेवढ्या जणींना दिवस गेले तो आकडा गुणिले १३००, भागिले सगळ्यांची मिळून पाळीचक्रं (२८ दिवसांचं एक, वर्षाला १३), म्हणजे १०० बायकांनी वर्षभर गोळी घेतली तर किती जणींना दिवस जातील ते निघतं. हा पर्ल इंडेक्स. ज्या महिन्यात कंडोमही वापरला तो धरतच नाहीत, नाहीतर गोळीला फुकटचं क्रेडिट!

त्याआधी छोट्या ट्रायलमध्ये सोनोग्राफी आणि रक्त तपासून बीज बाहेर पडतंय का ते बघून घेतात.

बरं, भीती अगदीच हवेतली नाही. १९७० च्या आसपास टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत काही गरीब, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बायकांना न सांगता खोट्या गोळ्या दिल्या होत्या, सोबत फक्त गर्भनिरोधक क्रीम, आणि काहींना दिवस गेलेच. संतापजनक.

आपल्याकडे २००९ पासून ट्रायल सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदवावीच लागते, कुणालाही ऑनलाइन बघता येते. भिशीतच मोबाईल काढून दाखवलं मी.