घरच्या माणसाचं जलरंगातलं चित्र: पार्श्वभूमी

परदेशात स्थायिक झालेला पुण्याचा चित्रकार आजीचं व्यक्तिचित्र करायला बसतो आणि तैलरंग सोडून जलरंग हाती घेतो, याला इतिहास आहे.

पुण्यात पाश्चात्य पद्धतीचं चित्रण आलं ते पेशवाईच्या उत्तरार्धात. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने 1792 साली सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं तैलचित्र रंगवलं. पेशवे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट आणि वेल्स यांच्यासाठी काम करणारा गंगाराम तांबट कागदावर जलरंगात रेखाटनं करी. वेल्सचं ते तैलचित्र आज लंडनला आहे आणि गंगारामची बरीच चित्रं अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात. पुण्याची चित्रं पुण्याबाहेर जाणं तेव्हापासूनचं.

दरबारी चेहरे तैलरंगात, निसर्ग आणि लेणी जलरंगात, अशी वाटणी मात्र बराच काळ टिकली. ती मोडणाऱ्यांत मला सावळाराम हळदणकर (1882–1968) सगळ्यात मोठे वाटतात. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातली दिवा घेतलेली स्त्री कित्येकांना राजा रविवर्म्याचं तैलचित्र वाटते. प्रत्यक्षात ते हळदणकरांचं जलरंगचित्र आहे आणि समोर उभी होती त्यांची मुलगी, गीता. जलरंगात उजेड कागदाचाच असतो. तिथे रंग एकदा गडद झाला की तो उजेड पुरता परत मिळवणं जवळजवळ अशक्य. ज्योतीचा प्रकाश बोटांवर आणि चेहऱ्यावर खेळवायचा तर पहिला हात फिरवण्याआधीच कुठे थांबायचं ते ठरलेलं हवं. आपल्याच मुलीचा चेहरा रोज पाहणाऱ्याला ते साधलं, यात मला नवल वाटत नाही.

1965 च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारं उघडली, पुढे नव्वदीत संगणक क्षेत्रातल्या नोकऱ्या आल्या आणि पुण्यातली घरंच्या घरं दोन खंडांत विभागली. त्यातल्या अनेकांनी शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या होत्या. बाजार, बसथांबा, सण, जे समोर नाही ते आठवून रंगवायचं, असा स्मरणचित्राचा सराव तिथेच झाला.

आता आजी समोर बसायला नसते. असतो तो फोटो, बहुधा फ्लॅश मारून काढलेला, चेहरा सपाट करणारा. ठेवण त्यातून मिळते. पण आजीच्या कातडीचा खरा रंग आणि माजघरातल्या खिडकीतून तिच्या गालावर येणारा उजेड चित्रकाराला आठवूनच भरावा लागतो.