मीटर मागे फिरवलेली गाडी आणि मीटर बदललेली गाडी: रेकॉर्डवर दोन्ही सारख्याच दिसतात, मग ओळखायचं कसं

जुनी गाडी बघताना सर्विसचं रेकॉर्ड हातात येतं, त्यात 1,12,000 नंतरची नोंद 58,000 अशी दिसते आणि बरेच लोक तिथेच उठतात, मीटर मागे फिरवलंय, विषय संपला. काही जण बरोबर उलटं करतात, मालक म्हणाला "अहो क्लस्टर बदललाय" (क्लस्टर म्हणजे डॅशबोर्डवरचा मीटरचा अख्खा संच) की मान डोलावून टोकन देऊन मोकळे. दोन्हीकडे घाईच होते. कारण आकडा खाली येतो तो दोन अगदी वेगळ्या कारणांनी, एक म्हणजे विकायच्या आधी कोणीतरी मुद्दाम रीडिंग कमी केलं, आणि दुसरं म्हणजे मीटर खरंच बंद पडलं आणि त्या जागी दुसरं बसवलं. पहिली गाडी सोडून द्यायची, कितीही स्वस्त असू दे. दुसरी मात्र चांगली निघू शकते, फक्त तिचं खरं रनिंग आपण स्वतः मोजायचं.

त्याआधी टायपिंगचे घोळ बाजूला काढा. नोंदी 41,000, 58,000, 7,700, 93,000 अशा असतील तर मध्ये कोणाकडून तरी एक शून्य राहिलंय, पुढची नोंद परत ओळीवर आलीये, त्यात काही नाही. आणि मीटर मैलांतलं असेल तर अजून एक गंमत होते, 80,000 किलोमीटर नंतर एकदम 60,000 दिसतं, 60,000 ला 1.6 ने गुणा, 96,000 येतात, म्हणजे ओळ बरोबर आहे आणि फक्त मैलाचं किलोमीटर करायचं राहिलंय.

खरा प्रश्न येतो तो आकडा खाली येऊन खालीच राहतो तेव्हा.

जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून एक केबल यायची आणि मीटरमधली आकड्यांची चाकं फिरायची, ती हाताने मागे घेतली की बऱ्याचदा आकडे एका ओळीत बसायचे नाहीत, तेवढ्यावरून शंका यायची. आता रीडिंग क्लस्टरमधल्या मेमरीत असतं, लॅपटॉप आणि एक डिव्हाइस असलं की बदलता येतं आणि स्क्रीनवर काहीही खूण राहत नाही. पण बऱ्याच गाड्यांत तोच आकडा इतर ठिकाणीपण साठत असतो, इंजिनच्या ईसीयूत म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये, काही गाड्यांत तर चावीतसुद्धा, आणि फसवणारा माणूस या सगळ्या जागा साफ करतोच असं नाही.

म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आतले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावाच. साध्या ओबीडी स्कॅनरवरपण "कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर" हा आकडा मिळतो, तो जास्तीत जास्त 65,535 किलोमीटरपर्यंत मोजतो आणि मीटरच्या आकड्याशी त्याचा संबंध नसतो. मीटर म्हणतंय 48,000 आणि स्कॅनर म्हणतोय शेवटचे कोड पुसल्यावर गाडी 61,000 चालली, तर मग बोलायला काही उरतच नाही, दोन्हीतलं एक खोटं आहे. चांगल्या स्कॅनरवर जुन्या फॉल्टच्या सोबत तो किती किलोमीटरला आला तेपण दिसतं, म्हणजे 86,000 च्या गाडीत 1,43,000 ला नोंदलेला फॉल्ट सापडू शकतो.

पण इथेच लोक चुकतात. स्कॅनर फक्त एवढंच सांगतो की दोन आकडे जुळत नाहीत, का जुळत नाहीत ते त्याला माहीत नसतं. प्रामाणिकपणे बदललेल्या मीटरची गाडीपण स्कॅनरवर अशीच दिसेल. काही जुन्या बीएमडब्ल्यूमध्ये क्लस्टर आणि दुसऱ्या मॉड्यूलमधला आकडा जुळला नाही की मीटरमध्ये एक छोटा ठिपका पेटायचा, तो रीडिंग पाडल्यावर पेटायचा तसाच सरळ दुसऱ्या गाडीचा क्लस्टर आणून बसवला तरी पेटायचा. नियत कळायला कागद आणि तारखाच लागतात.

तारीख बघा आधी, माझ्या मते सगळ्यात जास्त तीच बोलते. मीटर बंद पडतं ते कधीही, मालकाच्या वापराच्या मधोमध, आणि त्यानंतर तोच मालक वर्ष-दोन वर्षं गाडी चालवतो, सर्विस करतो, नव्या आकड्यावर नोंदी पडत राहतात. पाडलेलं रीडिंग बहुतेक वेळा मालकी बदलायच्या अगदी तोंडावर पडतं. मग आकडा कुठे येऊन थांबला ते बघा. नवीन मीटर एकतर शून्यापासून सुरू होतं किंवा वर्कशॉपवाले त्यात जुनं रीडिंग भरतात, भंगारातून आणलेल्या क्लस्टरवर त्या गाडीचा जो असेल तो आकडा येतो, कधीकधी आधीपेक्षा जास्तपण. पाडलेला आकडा मात्र सोयीच्या जागी थांबतो, एक लाखाच्या जरा आत, किंवा टायमिंग बेल्टसारखं मोठं काम यायच्या थोडं आधी.

आणि कागद. खऱ्या बदलाचं बिल असतं, त्यावर पार्ट, तारीख आणि काढलेल्या मीटरचं रीडिंग. अमेरिकेत तर कायद्यानेच सांगितलंय की नव्या मीटरवर जुनं रीडिंग भरता येत नसेल तर मीटर शून्यावर ठेवायचं आणि डाव्या दाराच्या चौकटीवर आधीचं रीडिंग आणि तारीख लिहिलेली नोटीस लावायची, ती नोटीस फसवायच्या हेतूने काढणंसुद्धा बेकायदेशीर. बेल्जियममध्ये कार-पास आहे, गॅरेजवाले किलोमीटर कळवत राहतात आणि जुनी गाडी विकताना तो कागद द्यावाच लागतो. ब्रिटनमध्ये एमओटी म्हणजे गाडीच्या दरवर्षीच्या सक्तीच्या फिटनेस तपासणीची रीडिंगं गाडीच्या नंबरवरून ऑनलाइन फुकट दिसतात, पण पहिली एमओटी साधारण तीन वर्षांनी असते त्यामुळे त्याआधीचं चित्र त्यात नाही.

बिल नसेल तर मालकाला खोटारडा ठरवायची घाई नको, ज्या वर्कशॉपने काम केलं तिथे चौकशी करा. तिथेही काही नोंद नसेल तर मी ती गाडी जास्त किलोमीटरवालीच धरेन, म्हणजे रेकॉर्डमधला सगळ्यात मोठा आकडा अधिक त्यानंतर चाललेले.

गाडीचं अंगपण बघा पण त्यावर एकट्यावर जाऊ नका. स्टिअरिंग गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची कड बसलेली, पेडलचं रबर झिजलेलं, आणि मीटर 35,000, हे जुळत नाही. नवंकोरं पेडल रबरपण शंका घेण्यासारखं आहे, 35,000 ला ते बदलायची वेळच येत नाही. टायरवर चार आकडी कोड असतो, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा, 2018 ची गाडी 25,000 चाललेली सांगतायत आणि चारही टायर 2021 चे असतील तर पहिले कुठे गेले ते विचारा. पण लक्षात घ्या, मीटर बदललेल्या गाडीतपण ही झीज असणारच, तिथे ती बिलातल्या आकड्याशी जुळते का एवढंच तपासायचं.

एक प्रकार या दोन्हीत बसत नाही, ब्लॉकर. हे डिव्हाइस गाडी चालू असताना किलोमीटर मोजूच देत नाही, त्यामुळे आकडा मागे येतच नाही आणि रेकॉर्ड एकदम स्वच्छ दिसतं. अशा वेळी इंजिन अवर्स मिळाले तर बघा, 40,000 किलोमीटरला 4,000 तास म्हणजे सरासरी ताशी 10, रोज भयंकर ट्रॅफिकमध्ये अडकणारी गाडी असेल तर ठीक, पण मालक म्हणत असेल की गाडी हायवेलाच चालली तर हिशोब लागत नाही.

मीटर बदललेली गाडी सगळं जुळल्यावर घेत असाल तर जुनं रीडिंग अधिक नवं मीटर बसवल्यानंतर चाललेले किलोमीटर अशी बेरीज करा, सर्विस आणि बेल्ट त्या बेरजेवर धरा, भावपण त्याच बेरजेवर करा. खरेदीच्या कागदावर मीटर किती रीडिंगला आणि कोणत्या तारखेला बदललं ते लिहून सही घ्या आणि मूळ बिल स्वतःकडे ठेवा, कारण उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरच्याला रेकॉर्डवर तोच खाली आलेला आकडा दिसणार आहे.